कोरी राहिली पाहिजे

बशीकाकांच्या घरात टॉवेल कामागणिक वेगळा. हातांचा वेगळा, तोंडाचा वेगळा, पायांचा वेगळा आणि एक नुसता नळाची तोटी पुसायला. तोटीच्या टॉवेलला चुकून कोणी हात पुसलेच, तर काका भांडत नसत. तो टॉवेल गुपचूप उचलून बादलीत टाकायचा आणि घडीचा दुसरा लावायचा, की झालं. "लग्नाआधी यांनी मला उकळून घेतलं नाही, हेच माझं नशीब," असं त्यांची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. काका त्यावर हसायचे आणि तिचा चहाचा कप रिकामा झाला की लगेच विसळून पालथा घालायचे.

अशा माणसाला नशिबानं नोकरी कुठे द्यावी, तर बुरशीच्या प्रयोगशाळेत!

त्याआधी ते एका बेकरीत होते. तिथल्या मालकानं त्यांना एकच गोष्ट नीट शिकवली होती. पावावर ठिपका दिसला की पाव उचलायचा आणि त्या जागी ताजा ठेवायचा. नुसता उचलून चालत नाही, जागा मोकळी दिसली की गिऱ्हाईक विचारतं. हे काम काका इतकं चोख करत, की त्या बेकरीत पावाला बुरशी येते हे गिऱ्हाइकांना कधी कळलंच नाही. पुढे बेकरी बंद पडली आणि कोणाच्या तरी ओळखीनं काका प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. आत पाहिलं आणि जागच्या जागी थिजले. ज्या गोष्टीपायी बेकरीतली नोकरी गेली असती, ती इथे काचेत बंद करून, वर चिठ्ठी लावून, कपाटात जपून ठेवलेली. हिरवी, काळी, गुलाबी, केसाळ, शेवाळलेली, सगळ्या तऱ्हेची.

तिथला धंदाच तो होता. जंगलातली, शेतातली, नदीकाठची माती आणायची, कुजकी लाकडं आणायची, भिंतीचे पोपडे आणायचे, आणि त्यांतून कोणकोणत्या बुरश्या उगवतात ते बघायचं. कोणती कुठे नांदते, कोणाशी तिचं पटतं, कोणाला ती खाते. आणि रोपांची मुळं कुजवणारी जी एक अवदसा आहे, तिला आवरायचं कसं. यासाठी लागायच्या काचेच्या उथळ झाकणाच्या डिश. विद्यार्थी त्यांना प्लेट म्हणत. काकांनी पहिल्याच दिवशी "या बशा कुठे ठेवू?" असं विचारलं, सगळे हसले, आणि तेव्हापासून ते सगळ्यांचे बशीकाका झाले.

काम शिकवलं ते तेव्हाच्या मोठ्या सरांनी. बटाटे उकळायचे, ते पाणी गाळायचं, त्यात साखर आणि ते घट्ट व्हावं म्हणून आगर घालायचं, आणि ते सगळं भल्यामोठ्या कुकरात घालून असं शिजवायचं की आतला एक जीव जिवंत राहता कामा नये. मग गरम असतानाच बशीत ओतायचं. थंड झालं की खरवसासारखं घट्ट होतं. त्यावर मातीचं पाणी पसरायचं आणि उबेच्या कपाटात ठेवून द्यायचं. दर खेपेला एक बशी मात्र तशीच ठेवायची.

"ही कोरी," मोठे सर म्हणाले. "हिच्यावर काही घालायचं नाही. पण बाकीच्यांबरोबर टेबलावर उघडायची आणि बाकीच्यांबरोबरच कपाटात ठेवायची. आणि ही कोरी राहिली पाहिजे. कळलं? काही झालं तरी ही कोरी राहिली पाहिजे."

नव्या नोकरीतला माणूस कान देऊन ऐकतो आणि मनात हुकूम लिहून घेतो. काकांनी मान डोलावली. तो हुकूम त्यांनी पुढे नोकरीभर पाळला.

पाळला म्हणजे कसा! सकाळी रखवालदारानं कुलूप काढायला आणि काकांनी दारात पाय ठेवायला एकच गाठ पडायची. सगळ्यांच्या आधी येऊन ते आपल्या बशा तपासून मोकळे. पुढे मोठे सर गेले, त्यांच्या जागी त्यांचेच विद्यार्थी सर झाले, कितीतरी मुलं शिकून बाहेर पडली, पण बशीकाकांची कोरी कधी डागाळली नाही. बाहेरून कोणी पाहुणा आला की सर त्याला हाताला धरून कपाटापाशी आणत. "बघा. आमच्या काकांची कोरी. आरशात बघावं तसं तोंड बघून घ्या." पाहुणे माना डोलवत. काका कोपऱ्यात उभं राहून फडक्यानं हात पुसत राहत, पण त्यांचे कान लाल व्हायचे. त्या दिवशी घरी गेल्यावर बायकोला न सांगताही कळायचं.

काकांना एकुलती एक लेक. आई नोकरीला, त्यामुळे शाळा सुटली की पोरगी प्रयोगशाळेतल्या स्टुलावर. अभ्यास तिथे, डबा तिथे, पेंग आली तर डोकंही त्याच टेबलावर. मोठी झाल्यावर तिनं विषय तोच घेतला आणि संशोधनाला आली ती सरांकडेच. लोक काही बोलायला नकोत म्हणून प्रयोगशाळेत ती बापाला इतरांसारखंच काका म्हणायची. काकाही तिला ताई म्हणायचे. "काका, उद्या जास्त बशा लागतील." "बरं, ताई." आणि घरी येताना दोघं एका छत्रीतून.

लेकीच्या हाती पोपटी लागली. खरं नाव लांबलचक होतं, पण रंग पोपटाच्या पिसासारखा, म्हणून सगळे पोपटीच म्हणत. ही बुरशी त्या मुळं कुजवणाऱ्या अवदसेला बशीत समोरासमोर गाठून खाऊन टाकायची. आणि मौज म्हणजे ती सगळीकडे सापडायची. जंगलातली माती आणा, पोपटी. नदीकाठची आणा, पोपटी. शाळेच्या मैदानातली, डोंगरमाथ्यावरची, पडक्या भिंतीवरची, कुठलीही आणा, पाच-दहा इतर बुरश्यांच्या गर्दीत एक-दोन पोपटी ठिपके ठरलेले. "आता माझ्या चहातही शोधा, असेल," असं सर म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

लेकीचा सगळा प्रबंध यावर उभा होता. पोपटी इथल्या मातीची मूळची रहिवासी आहे, ती सगळीकडे सगळ्यांबरोबर नांदते, कोणाला त्रास देत नाही, म्हणून ती रोपांच्या मातीत बेलाशक मिसळावी. सरांनी तर रोपवाटिकावाल्यांशी बोलणीही केली होती. पोपटीची भुकटी करायची, पोती भरून द्यायची, त्यांनी ती मातीत कालवायची. पाऊस थांबला की पहिली पोती जाणार होती. प्रबंध महिनाअखेरीस द्यायचा होता, आणि घरात लेकीच्या नावाआधी डॉक्टर लावून हाक मारायची तालीम काकांनी केव्हाच सुरू केली होती. "डॉक्टरीणबाई, दूध उतू चाललंय."

अशा ऐन वेळी काका निवृत्त झाले.

निरोपाला सरांनी भाषण केलं, एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि कोऱ्या बशीची आठवण काढून डोळे पुसले. घरी बसलेले काका बायकोच्या पिठाच्या डब्यांना तारखांच्या चिठ्ठ्या लावू लागले. त्यांच्या जागी आल्या नव्या बाई. पोक्त, अबोल, आधी एका दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत काम केलेल्या. आणि त्या आल्या तसं लेकीचं डोकं फिरायला लागलं.

"कोरीवर ठिपके, बाबा!" ती जेवताना म्हणाली. "एकदा नाही, दोनदा नाही. पोपटी ठिपके. ऐन शेवटच्या तपासणीत. बाईंना हात धुवायचे कळत नाही की काय, देव जाणे. मी बोलले तर म्हणतात, मी सांगितलं तस्संच केलंय."

"ओतताना झाकण सताड उघडत असतील," काका म्हणाले.

"मी बघितलं. नाही उघडत."

"मग फडकं ओलं असेल."

"बाबा, तुम्हीच या ना एकदा. दाखवा त्यांना."

हे ऐकून काकांना इतका आनंद झाला की ताटातली भाजी ताटातच राहिली. "जाच," बायको म्हणाली. "माझ्या डब्यांना तेवढीच सुट्टी."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून काका गेले. सर्वांनी काका आले, काका आले केलं. सरही आपल्या खोलीतून बाहेर आले आणि हाताची घडी घालून दाराशी उभे राहिले. काकांनी नव्या बाईंना शेजारी उभं केलं. ओतायचं भांडं आधी गालाला लावून बघायचं, गालाला सोसवलं की ओतायचं. झाकण एका बाजूनं उचलायचं, उघडी बाजू टेबलावरच्या दिव्याच्या ज्योतीकडे. बाई सगळं बघत होत्या. मग त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "असंच करते मी, काका. तरी येतात. ह्या बघा, मी ठेवल्यात सगळ्या." त्यांनी कपाटाचा खालचा खण ओढला. आत त्यांच्या कोऱ्या बशा एकावर एक रचलेल्या, जवळजवळ प्रत्येकीवर एखाददुसरा पोपटी ठिपका.

काकांना किळस आली. ते बघून नव्हे, ते साठवून ठेवलेलं बघून.

"अहो बाई, ह्या ठेवल्यात कशाला?"

"दवाखान्यात आम्ही काही टाकत नव्हतो. साहेबांनी बघितल्याशिवाय."

काका मोठ्यानं हसले. आता कळलं त्यांना बाईंचं कुठे चुकतंय ते. इतक्या वर्षांची मुरलेली युक्ती मोकळ्या हातानं द्यावी, तशा थाटात ते म्हणाले, "इथेच तर तुमचं चुकतंय. अहो, ठिपका कोणाच्या बशीवर येत नाही? माझ्याही यायचा. हाताचा दोष असतो, माणूस आहे, होणारच. म्हणून तर मी सगळ्यांच्या आधी यायचो! सकाळी कपाट उघडायचं, कोरी बघायची. ठिपका असला की ती उचलायची, कुकरात टाकायची आणि आपल्या शिल्लक बशांमधली एक स्वच्छ त्या जागी ठेवून द्यायची. ताई येईपर्यंत कोरी पुन्हा कोरी! मोठ्या सरांनी मला पहिल्या दिवशीच बजावलं होतं. काही झालं तरी कोरी राहिली पाहिजे म्हणून."

बोलून झाल्यावर ते दाद मिळायची वाट बघत राहिले.

नव्या बाईंनी हळूच खण आत सारला. दाराशी उभ्या सरांच्या हातांची घडी सुटली होती. त्यांचं तोंड जरासं उघडं होतं आणि ते मिटायचं त्यांना सुचत नव्हतं. एक विद्यार्थी काहीतरी बोलायला गेला आणि त्याला दुसऱ्यानं कोपरानं ढोसलं. काकांना वाटलं, शर्टावर काही सांडलं की काय. त्यांनी खाली बघितलं. मग लेकीकडे बघितलं.

तिच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब राहिला नव्हता.

"बाबा," ती म्हणाली. प्रयोगशाळेत, सगळ्यांसमोर, बाबा. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"ठिपके. तुमच्या कोरीवर. कधीपासून यायचे?"

"अगं, ते असं लक्षात... मधूनमधून. हा नवा एसी बसवला ना, त्या सुमारापासून जरा जास्त. माझे हात थरथरायला लागले होते तेव्हा, मला वाटलं..."

"रंग कोणता होता?"

रंग त्यांना लख्ख आठवत होता. पण तो रंग म्हणजे काय, हे त्यांना याआधी कधी कोणी विचारलं नव्हतं. त्यांच्या लेखी ठिपका म्हणजे ठिपका, घाण म्हणजे घाण. त्यांनी स्टूल पुढे ओढलं आणि ते बसले.

लेकीनं मग त्यांना समजावलं. रागानं नाही. एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं, एक एक शब्द सावकाश. कोरी बशी कोरी ठेवायची नसते, बाबा. ती कोरी राहते का ते बघायचं असतं. आपण मातीच्या बशा उघडतो तेव्हा खोलीतलं काही आत पडतंय का, एवढं सांगायला ती असते. तिच्यावर पोपटी आली, याचा अर्थ पोपटी मातीतून नाही आली. खोलीतून आली. ती ओरडून सांगत होती, आणि...

पुढचं तिनं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. काकांचे डोळे पांढरे झाले होते. जंगलात पोपटी, नदीवर पोपटी, डोंगरावर पोपटी. आणि रोज सकाळी ती बोंब मारणारी बशी त्यांनी स्वतःच्या हातानं उचलून कुकरात शिजवली होती. वर त्याबद्दल घड्याळही घेतलं होतं.

"म्हणजे पोपटीनं आपला सगळ्यांचा पोपट केला," एक विद्यार्थी पुटपुटला. एरवी त्यावर हसू फुटलं असतं. सर वळून खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

पुढचे दिवस काकांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. लेकीनं नव्या बाईंची सगळ्यांसमोर माफी मागितली. मग त्या दोघींनी मिळून खोलीभर उघड्या बशा मांडल्या. दाराशी, खिडकीशी, टेबलाच्या चारी कोपऱ्यांना, स्टुलावर, कपाटावर. काका घरी बसून होते. त्यांचा जीव टांगणीला लागला होता. माझ्या अंगावरून येत असेल, शर्टावरून, त्या टॉवेलांतून, असं त्यांना राहून राहून वाटायचं. त्यांनी घरातले सगळे टॉवेल उकळले. बायकोनं बोलायचं सोडून दिलं होतं, ती नुसती त्यांच्या पुढ्यात चहा ठेवायची.

पोपटी त्यांच्या अंगावरून येत नव्हती. टेबलाच्या बरोब्बर वर जो एसी होता, त्याच्या जाळीमागे स्पंजाची पट्टी होती. एसी दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञानं ती ओढून काढली, तेव्हा ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पोपटी निघाली. तंत्रज्ञ शिंकत शिंकत बाहेर पळाला. थंड हवेत बसून काम करावं म्हणून सरांनी मुद्दाम तो एसी तिथे लावून घेतला होता.

तरी एक आशा होती. पोपटी एसीतही असेल आणि मातीतही असेल. लेक पुन्हा सगळीकडे हिंडली. त्याच जंगलात, त्याच नदीवर, त्याच डोंगरावर. माती घेऊन ती दुसऱ्या एका महाविद्यालयात गेली, तिथल्या बशा, तिथलं टेबल. काका तेवढे दिवस दारातून आत-बाहेर करत होते. ती परत आली तेव्हा तिनं चपला काढल्या, पाणी प्यायली आणि म्हणाली, "एकाही मातीत नाही."

"एकाही?" काकांनी विचारलं.

"एकाही नाही, बाबा."

काकांना तेव्हा खरोखर आपल्या थोबाडीत बसल्यासारखं वाटलं. त्यांनी गालाला हात लावला.

सरांनी बोलावणं धाडलं ते दोघांनाही. सरांच्या खोलीत तिघंच. सर महिनाभरात म्हातारे दिसायला लागले होते. दाढी वाढलेली, टेबलावर प्रबंधाची बांधलेली प्रत. त्यांनी बराच वेळ पेनाचं टोपण काढलं आणि घातलं. मग काकांकडे न बघता बोलायला लागले.

"हे बघा. पोपटी मुळं कुजवणाऱ्या बुरशीला खाते, यात खोटं काहीच नाही. ते आपण हजारदा बघितलंय. राहता राहिलं ती मातीत असते की नसते. आता कोण जाणार आहे तपासायला? एसी काढून टाकला. दुसरीकडच्या तपासणीचं आपल्याखेरीज कोणाला माहीत नाही. मुलं आणि बाई माझ्या शब्दाबाहेर नाहीत. पोरीची इतकी वर्षं गेलीत. तिचं आयुष्य आहे पुढे. माझं जाऊ द्या." त्यांनी पेनाचं टोपण घट्ट लावलं. "आपल्या कोऱ्या बशा आजवर कोऱ्याच निघाल्या आहेत. सगळ्या जगाला ठाऊक आहे. तेवढंच धरून चालायचं. उद्या बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, तर तुम्ही एवढंच सांगायचं, काका. कोऱ्या होत्या ना तुमच्या बशा?"

काकांनी आयुष्यात सरांना नाही म्हटलं नव्हतं. ना मोठ्या सरांना, ना यांना. आणि इथे तर नाही म्हणायचं कारणही नव्हतं. एक हो म्हटलं की पोरगी डॉक्टर. जे आपण नकळत बुडवलं ते एका शब्दात वर काढता येत होतं. त्यांच्या ओठांवर तो शब्द आला. त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती टेबलावरच्या प्रबंधाकडे बघत होती, मान खाली, दोन्ही हात मांडीत घट्ट धरलेले. काकांना वाटलं, किती धीराची आहे पोर, आता हीच उठेल आणि सरांना सुनावेल.

ती उठली नाही.

काकांच्या डोळ्यांसमोर रोपवाटिकेतली माणसं आली. पोतं फोडून, कोपरापर्यंत हात घालून, ती पोपटी भुकटी मातीत कालवणारी. नाकातोंडात जाणार ती. त्या स्पंजाच्या पट्टीपाशी तो तंत्रज्ञ एवढा धडधाकट माणूस असून कसा शिंकत सुटला होता, हे लेकीनं सांगितलेलंही आठवलं. ती बुरशी कुठली, माणसाला काय करते, कोणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांनी धरून चालायचं होतं की ती इथलीच आहे आणि गरीब आहे. कशाच्या जोरावर? तर बशीकाकांच्या बशा कोऱ्या होत्या, याच्या.

"नव्हत्या, सर," काका म्हणाले.

"काय?"

"कोऱ्या नव्हत्या. ठिपके होते. मी फेकले." आता त्यांना थांबता येत नव्हतं. "बाहेरचे साहेब येतील त्यांनाही मी हेच सांगणार. माझं नाव घाला त्यात. म्हाताऱ्यानं घोळ घातला म्हणा. पोरीचा दोष नाही, तुमचाही नाही. पण कोऱ्या नव्हत्या."

सर त्यांच्याकडे बघतच राहिले. बशीकाका आपल्याला नाही म्हणतात, हे त्यांच्या डोक्यात शिरायलाच वेळ लागला. मग त्यांनी प्रबंधाची प्रत हळूच स्वतःकडे ओढली, खणात ठेवली आणि खण लोटला. "या तुम्ही," एवढंच म्हणाले.

बाहेर ऊन होतं. बाप-लेक रस्त्याच्या कडेनं घराकडे निघाली. कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान गेलं, सायकलवाल्याचं गेलं. काकांना वाटत होतं, ती रडेल. ती रडत नव्हती. ती पुढे पुढे चालत होती, आणि शाळेच्या कुंपणापाशी आल्यावर अचानक थांबली.

"मी मनात काय म्हणत होते माहितीये, बाबा?"

"काय?"

"तुम्ही माझ्याकडे बघितलंत ना, तेव्हा. मी मनात म्हणत होते, हो म्हणा. बाबा, एकदा हो म्हणून टाका. मला वर बघवेना, तुम्हाला दिसेल म्हणून." तिनं कुंपणाचा गज घट्ट धरला होता. "पोती गेली असती, बाबा, तरी मी गप्प बसले असते. मला डिग्री हवी होती."

काका हादरले. त्या दिवशी खोलीत बसला तो धक्का, एसीतल्या पट्टीचा धक्का, एकाही मातीत नाही ऐकल्याचा धक्का, हे सगळे एकीकडे आणि हा एकीकडे. ही आपली पोर. हिच्या मनात असं काही येईल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांना भीती वाटली, तिच्यासाठी वाटली, आणि त्याच वेळी तिच्याबद्दल मायाही दाटून आली.

तसं काही नसतं गं, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. तू थकलीस, डोकं शिणलंय तुझं, तू असं म्हणणं शक्यच नाही, चल, विसर ते. सगळं तयार होतं तोंडात. तेवढं म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं आणि त्यांनाही. तोंड उघडं ठेवून ते तसेच उभे राहिले आणि मग त्यांनी ते मिटलं.

"बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि आता ती रडायला लागली. रस्त्यावरून लोक जात-येत होते. काकांनी खिशातला स्वतःचा रुमाल काढला, ज्याला आजवर घरात कोणी हात लावला नव्हता, आणि तिला दिला. तिनं त्याला खुशाल नाक पुसलं. मग दोघं घराकडे चालू लागली.